कंसात लिहिलेली पॉलिसी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी फ्रीलान्स इलस्ट्रेटर झाले. मुखपृष्ठं आणि पुस्तकांच्या आतली चित्रं करते. जुन्या पगाराला २२ दिवसांनी भागून दर काढला, मग थोडा वाढवला. तरी हातात काही उरत नाही. दर आणखी वाढवला तर क्लायंट जातील का? (पहिलं वर्ष छान गेलं म्हणून घरातल्याच एकांनी सुचवलेली विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी घेतली. दहा वर्षं हप्ता आहे. यंदाचा, दुसरा हप्ता एका पुस्तकाच्या अ‍ॅडव्हान्समधून भरला, त्यामुळे ती काळजी मिटली.) आई माझ्यावर अवलंबून आहे. आकडे छापू नयेत.

उत्तर : छापत नाही. तुमचा जुना मासिक पगार १०० धरतो, बाकी सगळं त्याच मापात.

आधी दराचं उरकून टाकू. १०० भागिले २२ म्हणजे दिवसाला साडेचार. तुम्ही ६ घेता आणि आपण बरंच वाढवलं असं समजता. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ गेले, सुट्ट्या आणि आजारपणाचे ३० गेले. उरले २३०. त्यातले निम्मे कोटेशन, मीटिंगा, ‘जरा निळं करून बघू या का’ आणि थकलेल्या बिलांचे फोन यांत जातात. पैसे लावता येतील असे १२० दिवस मिळाले तरी पुष्कळ. आता गरज बघा. वर्षाचा पगार १२००, कंपनी भरायची तो आरोग्य विमा आणि निवृत्तीचा वाटा २५०, कॉम्प्युटर-सॉफ्टवेअर १५०. झाले १६००. भागिले १२०, म्हणजे दिवसाला १३. तुमचे ६ गुणिले १२० होतात ७२०. महिन्याला ६०, तेही कर आणि धंद्याचा खर्च जायच्या आधी. उरणार कुठून?

हा १३ चा आकडा आपल्यापाशी ठेवा. क्लायंटला चित्राची किंमत सांगा, नाहीतर हात बसल्यामुळे काम लवकर झालं की नुकसान तुमचंच. दोन फेऱ्यांनंतरच्या दुरुस्त्यांचे पैसे वेगळे. चित्र कुठे आणि किती काळ वापरणार, हेही कोटेशनमध्येच लिहा. पुस्तकाच्या पानासाठी काढलेलं चित्र उद्या टी-शर्टवर दिसलं, तर त्याचं बिल निराळं व्हायला हवं.

क्लायंट जातील का? काही जातील. पण १३ ने ६० दिवस विकले तरी ७८० होतात. निम्मं काम गेलं तरी आजच्यापेक्षा जास्त.

हे गणित तुम्हालाही जमलं असतं. जमत नाहीये ते ‘नाही’ म्हणणं, आणि त्याचं कारण तुम्ही कंसात लिहिलंय.

तुमचा हप्ता वर्षाला २४०. सगळ्यात चांगल्या वर्षाची कमाई दरवर्षी येईल असं धरून तो बांधला. आज तो कमाईचा तिसरा हिस्सा खातो. आणि काळजी मिटली कसली? तो अ‍ॅडव्हान्स अजून तुमचा झालेलाच नाही, चित्रं काढायची आहेत. ती काढेपर्यंत घर चालवायला तुम्ही ६ च्या भावाने मिळेल ते काम उचलणार. तुमचा दर हप्त्याची तारीख ठरवते आहे.

बरं, एवढं भरून मिळतं काय? विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे २४००. आईला दोन वर्षांचा पगार. पॉलिसी विकताना दाखवतात त्या तक्त्यातला मोठा परतावा निव्वळ उदाहरणादाखल छापलेला असतो, बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. अशी पॉलिसी अनियमित कमाईच्या माणसाच्या गळ्यात मारणाऱ्याला मी सल्लागार म्हणत नाही, मग तो घरचा का असेना.

आधी साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे गुंतवणूक नसलेला, ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. तो हातात आला की आधीच्या पॉलिसीच्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज बंद केली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती. दोन्ही वाचून जीव जळेल. पण ४८० अडकले म्हणून आणखी १९२० घालणं मला पटत नाही.

वाचलेले महिन्याचे २० वेगळ्या खात्यात टाका. तुमचा घरखर्च ५० आहे, म्हणजे सहा महिन्यांची तरतूद ३०० ची, सव्वा वर्षात होईल. नव्या क्लायंटला आजपासूनच १३ च्या हिशेबाने किंमत सांगा. जुन्यांचा दर ती तरतूद निम्मी जमली की वाढवा. आणि त्या पुस्तकाची चित्रं सगळ्यात आधी संपवा.