जानेवारीत नको, एप्रिलअखेर ये

तुझं पत्र परवा मिळालं. कॅनडात कायम राहायच्या परवान्याचे, पीआरचे, कागद हातात आलेत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तू, सूनबाई आणि साडेतीन वर्षांची लेक टोरांटोला यायचं म्हणताय. तू तीन गोष्टी विचारल्यास: थंडी सोसेल का, तिकडून काय काय आणायचं, आणि लेकीचं कसं होईल. तुझी आई आणि मी रत्नागिरीला एका बाकावर बसून शिकलो, त्यामुळे हातचं राखून काही सांगणार नाही. थंडी सोसेल. पण जानेवारीत येऊ नका. इथे उतरायची मुदत कागदावर कधीपर्यंत दिली आहे ते आधी बघ, आणि तेवढी सवड असेल तर एप्रिलअखेर या.

आम्ही २००९ च्या जानेवारीतच उतरलो, म्हणून हे सांगते. विमानतळाचं दार उघडलं आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस काटे आल्यासारखे कडक झाले. त्याचं चार दिवसांत काही वाटेनासं झालं. मला जड गेला तो अंधार. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आसपास मावळतो. हे अंधारात कामाला जायचे, अंधारात परत यायचे. भाडं कमी म्हणून आम्ही बेसमेंट घेतलं होतं. त्याची एकच खिडकी, तीही अंगणाच्या पातळीला. एका सकाळी उठले तर खिडकी नुसती पांढरी. रात्री पडलेल्या बर्फाने ती पूर्ण झाकली होती, आणि घरात दिवस उजाडला की नाही तेच कळेना. त्या दिवशी मी खूप रडले. घरमालक हीटर बेताचाच लावायचा आणि ‘स्वेटर घाला’ म्हणायचा. भाड्याच्या घरात हिवाळ्यात किमान २१ अंश ऊब द्यायची असा इथल्या शहराचा नियम आहे आणि शहराच्या ३११ या नंबरला फोन करून तक्रार करता येते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तू माहीत करून ठेव. आणि पहिलं घर लहान चालेल, पण दक्षिणेकडे खिडकी असलेलं घे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली कललेला असतो, ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. मी अजून दुपारी बाराला त्या उन्हात खुर्ची टाकून बसते.

एप्रिलअखेर आलात तर तुम्हाला आधी उजेड भेटेल. मे महिन्यात दोन आठवड्यांत झाडं हिरवीगार होतात, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. रस्ते, बस, दुकानं, शेजार, सगळं पायाखालचं होतं. मग ऑक्टोबरात पानं लाल होताना थंडी पायरीपायरीने येते आणि अंगही तसंच तयार होत जातं. शिवाय इथे मूल ज्या वर्षी चार पूर्ण करतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टनला जाऊ शकतं. सरकारी शाळा, दिवसभराची आणि फुकट. तुझ्या लेकीचा चौथा वाढदिवस पुढच्याच वर्षात येतो, म्हणजे एप्रिलअखेर आलात तर शाळा सुरू व्हायला चारच महिने राहतात. जानेवारीत आलात तर थंडीचे पहिले महिने ती घरात कोंडून पडेल.

हिवाळ्याची धास्ती घेऊ नकोस, एवढंच मनापासून सांगते. तू कोकणातला आहेस. आपल्याकडे मे महिन्यात आगोटीची धांदल असते की नाही? सरपण आत, कांदे टांगलेले, पापड-सांडगे डब्यात, कौलं चाळून झालेली. मग पाऊस कितीही कोसळू दे. मला हे लक्षात यायला तीन वर्षं लागली, पण इथलं नोव्हेंबर म्हणजे आगोटच आहे. मी त्या महिन्यात फर्नेसचं, म्हणजे घर तापवायच्या भट्टीचं, फिल्टर बदलते, बर्फावर टाकायचं मीठ आणि फावडं दाराशी ठेवते, गाडीला हिवाळी टायर घालून घेते, मेणबत्त्या-टॉर्च बघून ठेवते. आणि पावसात आपण काय घरात बसत नाही, तसंच इथे बर्फात बाहेर पडायचं. रोज. अर्धा तास तरी. सूनबाईला हे मुद्दाम सांग, पहिल्या वर्षी घरी तीच असेल.

चालायची पद्धतही आपल्याचकडची. जांभ्याच्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ धरतं, तेव्हा आपण कसे टाच न आपटता, अख्खं पाऊल टेकवत, जवळजवळ पावलं टाकतो? अगदी तसंच. खरा धोका पांढऱ्या बर्फाचा नाही, डांबरावर गोठलेल्या पातळ थराचा. तो दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. खिशात हात घालून चालू नका.

२०१३ च्या डिसेंबरात नाताळाच्या तोंडावर जे झालं ते ऐकून ठेव. वरून पाऊस पडत होता, पण जमिनीलगतची हवा शून्याखाली, त्यामुळे पाणी टेकेल तिथे गोठत होतं. प्रत्येक काडीवर बोटाएवढी काच चढली. रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज, बंदुकीचे बार काढावेत तसे. त्या फांद्या तारांवर पडल्या आणि शहरात जवळजवळ तीन लाख जोडण्यांची वीज गेली. आमची तीन दिवस नव्हती, काहींची नाताळ उलटून गेला तरी आली नव्हती. फर्नेस गॅसवरचा असला तरी त्याचा पंखा विजेवर, त्यामुळे घर थंडगार. गॅसची शेगडी काडीने पेटत होती. खिडकी थोडी उघडी ठेवून मी पिठलं-भात केला, शेजारच्या म्हाताऱ्या पोर्तुगीज बाईंना बोलावलं, फ्रिजमधलं सगळं गॅलरीत नेऊन ठेवलं. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर मात्र घरात, गॅरेजमध्येसुद्धा, कधीच लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म घरात आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपास.

आता सामान. जाकिटं, रजया, बूट तिकडून आणू नका. आम्ही मुंबईत घेतलेली जाड जाकिटं वाऱ्यापुढे टिकली नाहीत. पारा उणे दहा आणि वारा असेल तर अंगाला उणे वीस लागतं. इथेच घ्या, बूट एक माप मोठे, आत लोकरीचे मोजे बसतील असे. मिक्सर आणू नका, इथली वीज १२० व्होल्टची. कुकर आणा, जादा गॅस्केट आणा, मेतकूट आणि गोडा मसाला आणा. लेकीच्या लसीकरणाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, शाळा तो मागते. तुझ्या लायसन्सच्या अनुभवाचं पत्र आरटीओकडून घेऊन ये. गाडीची घाई नको. टीटीसीला, म्हणजे शहराच्या बस-मेट्रोला, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट पडत नाही.

आणि एक. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, त्यांना हात लावू नकोस. माझे बाबा फेब्रुवारीत गेले. निरोप आला त्या रात्रीच मी निघाले, पण बर्फ पडत होता. विमानं रांगेत उभी, पंखांवरचा बर्फ उतरवायला आधी नारिंगी, मग हिरवं औषध फवारत होते, आणि मी खिडकीशी बसून ते बघत होते. फ्रँकफर्टचं पुढचं विमान चुकलं. पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. पैसे हाताशी होते म्हणून निदान दहाव्याला तरी होते. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिलं.

लेकीची काळजी करू नकोस. इथे शाळेत मधल्या सुट्टीत पोरं बर्फातच खेळतात. बाई त्यांना कोट घालायला शिकवतात: कोट जमिनीवर उघडा पसरायचा, आपण गळ्याच्या बाजूला उभं राहायचं, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झुप्पकन डोक्यावरून मागे टाकायचा. माझा मुलगा आठवड्यात शिकला. आधी स्नोपँट, मग बूट, मग कोट, शेवटी हातमोजे, हा क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून.

मुलाचे ते लहानपणीचे बूट आणि निळी स्नोपँट मी अजून जपून ठेवलीय. लेकीच्या पायाचं माप सेंटीमीटरमध्ये कळव, टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. बसत असेल तर धुऊन ठेवते.