गरवायला जाताय? वाचकांची पत्रं, आचऱ्याहून उत्तरं

दिवाळी जवळ आली की किनाऱ्यावरून मासे धरण्याबद्दलची पत्रं वाढतात. आमच्याकडे, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला, याला गरवणं म्हणतात. निवडक पत्रांना उत्तरं देते.

ऑनलाइन 12 फुटी काठी आणि मोठी रीळ घेतली. व्हिडिओतले लोक 100 मीटर सहज फेकतात, मी 30-40 मीटरच्या पुढे जात नाही. दिवाळीत मालवणला येतोय. तोवर सराव कसा करू? (एक वाचक, पुणे)

फेकायचा सराव राहू दे. पहिल्या दिवशी काठी खोलीवरच ठेवा आणि पूर्ण ओहोटीला रिकाम्या हातांनी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चालून या. हे सांगितलं की शहरातली माणसं हिरमुसतात, पण याच्याइतका कामाचा तास दुसरा नाही.

लांबून सपाट दिसणारी पुळण सपाट नसते. लाटा आत वाळूचे बांध घालतात. बांध आणि किनारा यांच्यामध्ये आडवा चर पडतो, आणि एखाद्या ठिकाणी बांध फुटून पाण्याला परत जायची वाट होते. ओहोटीला यातलं बरंच उघडं पडतं. गुडघाभर पाणी कुठे साचून राहिलंय, शिंपल्यांचा चुरा कुठे जमलाय, वाळू पायाखाली एकदम कुठे मऊ लागते, ते बघा. खूण मात्र मागे जमिनीवर धरा: वाकडा माड आणि अमुक छप्पर एका रेषेत, असं. पाण्यातली खूण दोन तासांत बुडते. तीच जागा पुढच्या वर्षी तिथे असेल असंही समजू नका, पावसाळ्यात समुद्र सगळी मांडणी बदलून टाकतो.

भरती चढायला लागली की लाट वाळू उकरते, त्यातून चिंगळं, किडे, बारक्या कुर्ल्या (खेकडे) बाहेर पडतात आणि मासा खायला चरात शिरतो. तेव्हा पाण्याकडे बघून एवढं ओळखायचं: पांढरा फेस फुटतो तिथे उथळ, दोन फेसांमधला गडद गुळगुळीत पट्टा खोल. आमच्या पुळणीवर तो पट्टा बरेचदा 25-30 मीटरवर असतो. म्हणजे तुमची फेक पुरेशी आहे. 100 मीटर फेकलीत तर मासा तुमच्या आणि शिशाच्या (दोरीच्या टोकाच्या वजनाच्या) मधे चरत राहील.

बारा फुटी काठीचा खरा उपयोग तंगूस (नायलॉनची दोरी) लाटांच्या वर धरायला होतो. ती काठी जमिनीत रोवून उभी ठेवा. मुख्य तंगूस 0.35 मिलिमीटरचा चालतो, पण 80-100 ग्रॅमचं शिसं त्यालाच थेट बांधू नका. फेकताना तंगूस तुटला तर ते शिसं गोळीसारखं सुटतं आणि मागेपुढे माणसं असतात. पुढे 0.60 मिलिमीटरचा जाड तुकडा जोडा, काठीच्या दुप्पट लांब, शिवाय रिळावर त्याचे चार-पाच वेढे बसतील एवढा. आणि पहाटे या. तेव्हा जमिनीकडून येणारा मतलई वारा पाठीमागून असतो, समुद्र शांत असतो आणि तीच फेक आपोआप थोडी पुढे जाते. दुपारनंतर खारा वारा तोंडावर आला की तंगुसाचा फुगा होतो.

कॉलेजात शिकतो. काठी-रीळ परवडत नाही. 500 रुपयांत काही होईल? (एक वाचक, सावंतवाडी)

होईल की! प्लास्टिकची जाड बाटली घ्या, तिच्यावर 0.50 मिलिमीटरचा तंगूस 60-70 मीटर गुंडाळा, टोकाला शिसं, त्याच्या वर हातभर अंतरावर एक गळ. बाटलीचं बूड समुद्राकडे धरायचं आणि दुसऱ्या हाताने शिसं गरगर फिरवून सोडायचं, तंगूस बाटलीवरून आपोआप सुटतो. आमच्या गावात अशा गरीवर लोकांनी तांबोशीसारखा मोठा मासा काढला आहे. माशाने आमिषाला तोंड लावलेलं थेट बोटाला कळतं, ते काठीवाल्याला उशिरा समजतं. फक्त तंगूस बोटाला किंवा मनगटाला गुंडाळून बसू नका. मोठा पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लागला तर तंगूस कातडीत शिरतो.

भरतीच्या वेळा कशा काढायच्या आणि कुठल्या भरतीला बसावं? (एक निवृत्त वाचक, डोंबिवली)

तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला 4 च्या पाऊणपट 3, म्हणून भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्या 15 धरा, सव्वाअकरा येतात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की ओहोटी. हा अंदाजी हिशोब मुंबईकडचा आहे. मालवणात भरती त्याच्या बरीच आधी येते, साधारण तासभर धरून चला.

आता यातली गोम. मासा तोंड लावतो तो दिवस उगवताना आणि मावळताना, शिवाय पाणी चढतं असताना. पण उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत सकाळी-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास नेमकी ओहोटी असते. आणि अष्टमीला भरती सहाच्या आसपास आली तरी तो भांग, म्हणजे लहान भरतीचा दिवस, पाण्याला जोरच नसतो. म्हणून मला आमच्या किनाऱ्यावर दशमी-एकादशीची संध्याकाळ आवडते. पाण्यात जोर परत यायला लागलेला असतो, चढती वेळ नेमकी तिन्हीसांजेला येते. शेवटचे दोन तास चढतीचे आणि पहिला तास उतरतीचा, एवढं बसायचं. एकादशीला मासा लागला तर घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

महिने ऑक्टोबर ते मे. 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक बोटींसाठी आहे, काठीवाल्याला नाही, असा युक्तिवाद पावसाळ्यात ऐकू येतो. बंदी नसली तरी त्या लाटांपुढे उभं राहू नये.

आमिष कुठलं? (एक वाचक, ठाणे)

ताजी कोळंबी. बाजारातून आणलेली बर्फातली चालते, वास मारणारी नाही. ती मऊ असल्यामुळे कुर्ल्या चटकन कुरतडतात, म्हणून बारीक इलास्टिक दोऱ्याने गळाला बांधा. त्रास फार झाला तर म्हाकुलाची (स्क्विडची) पट्टी लावा, ती टिकते. मुडदुशांसारख्या लहान माशांसाठी गळ लहान आणि कोळंबीचा तुकडा नखाएवढा पुरे.

गेल्या वेळी शेंगाळ्याचा काटा बोटात गेला, हात रात्रभर ठणकला. गळ काढायचा तरी कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

नवख्याच्या गळाला पहिल्यांदा बहुतेक शेंगाळाच लागतो, म्हणून हे नीट वाचा. त्याला तीन काटे: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागच्या परांवर. तिन्ही करवतीसारखे, विषारी, आणि मासा घाबरला की ताठ उभे राहतात. हाताने पकडूच नका. वाळूवर ओला कपडा टाकून दाबून धरा आणि लांब पकडीने गळ काढा. गळ खोल गेला असेल तर तंगूस कापा, गळ आठ-दहा रुपयांचा असतो. पायानेही ढोसू नका, चपलेतून काटा आरपार जातो.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम ते दुसऱ्या, चांगल्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. उष्णतेने विषाचा जोर मोडतो, ठणका उतरतो. पाकटाच्या शेपटीलाही हाच उपाय. पण काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा जखम छाती-पोटाला असेल तर दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का तेही तिथेच विचारा.

आणखी एक मासा ओळखायला शिका. केंड. वर काढल्यावर पोट फुगवतो, पोरांना गंमत वाटते. त्याचं विष शिजवून जात नाही, माणूस दगावतो. गळ काढून समुद्रात सोडा, मांजरालाही घालू नका.

नऊ वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली आहे, तिला नेऊ का? आणि पुळणीवर कोळी बांधवांचं जाळं ओढणं चालू असेल तर आम्ही कुठे उभं राहायचं? (एक वाचक आई, बेळगाव)

न्या. मीही तिच्याच वयाची असताना आत्येच्या मागे लागून गेले होते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे बोटात गेला तरी सरळ निघतो. फेकताना ती तुमच्या पुढे नको आणि मागेही नको, बाजूला दहा पावलांवर हवी. पाण्यात गुडघ्याच्या वर कुणीच जायचं नाही, तुम्हीसुद्धा. वर मी ज्या फुटलेल्या बांधाबद्दल लिहिलं, तिथे मासा असतो तशी माणसाला आत नेणारी ओढही असते. उथळ पाण्यात पाय घासत चालायला शिकवा, वाळूत बसलेला पाकट बाजूला होतो. वीतभर मासा लागला तर तिच्याच हाताने परत सोडायला लावा. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान धरायचे नाहीत.

राहिला प्रश्न रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या त्या जाळ्याचा. रापण लागली असेल तर तिच्या दोन्ही दोऱ्यांच्या मधल्या पाण्यात गरी टाकायची नाही. आधीच टाकली असेल तर मुकाट्याने गुंडाळायची, तुमचा गळ त्यांच्या जाळ्यात अडकला तर फाडायचं जाळं त्यांचं असतं. मग नुसतं बघत उभं राहू नका. विचारून दोरीला हात लावा, मुलीलाही लावू द्या. ओढून झाल्यावर मूठभर तारल्या बहुतेक वेळा पिशवीत पडतात. नकोत म्हणू नका.