हेडक्वार्टर कंपनीचं वर्ष: रजेचा तक्ता ट्रेडप्रमाणे मांडा

पायदळ बटालियनच्या हेडक्वार्टर कंपनीत (सिग्नल, गाड्या, स्वयंपाक, स्टोअर सांभाळणारी कंपनी) नुकतेच सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) झालेल्या नागपूरच्या हवालदारसाहेबांनी विचारलंय, की कागदावर माणसं पुरेशी असूनही ऐन कामाच्या दिवसांत ड्यूटीला कोणी सापडत नाही, चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा रजेच्या तक्त्यात. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस सीएल (कॅज्युअल लीव्ह, म्हणजे किरकोळ रजा) असते. उदाहरणादाखल १२० माणसं धरा. १०,८०० दिवस झाले, ३६५ ने भागले की रोज सरासरी ३० जण घरी. प्रवासाचे दिवस, कोर्स, हॉस्पिटल, टेम्पररी ड्यूटी वेगळीच. रायफल कंपनीत, म्हणजे लढणाऱ्या कंपनीत, हा डोकी मोजण्याचा हिशोब चालून जातो, कारण एका सेक्शनचा जवान दुसऱ्या सेक्शनमध्ये उभा राहू शकतो. आपल्याकडे तसं होत नाही. सिग्नल ऑपरेटर, ड्रायव्हर, कुक, क्लार्क, स्टोअरवाले, यांतला कोणी दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. १२ कुक असले तर ३ कायम रजेवर असणारच. एक कोर्सला, एक फायरिंगच्या पार्टीबरोबर रेंजवर गेला की उरले ७. त्यात एक आजारी पडला तर पहाटेच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तीच माणसं राबतात, आणि महिनाभरात लंगरमध्ये (जवानांच्या स्वयंपाकघरात) भांडणं सुरू होतात.

म्हणून प्रत्येक ट्रेडचा, म्हणजे कामाच्या प्रकाराचा, वेगळा तक्ता करा आणि वर लाल शाईने लिहा: या ट्रेडमध्ये एका वेळी कमीत कमी इतके हजर. हा आकडा तुम्ही एकट्याने ठरवू नका. माणसं तुमच्या नावावर असली तरी त्यांचं काम आरएसओ (सिग्नलचे अधिकारी), एमटीओ (गाड्यांचे अधिकारी) आणि क्वार्टरमास्टर (शिधा-सामानाचे अधिकारी) यांच्या हातात असतं. रजा कंपनीने मंजूर केली आणि एमटीओला गाडी निघायच्या सकाळी कळलं, हा आपल्या कंपनीचा सगळ्यात जुना रोग आहे. आठवड्यातून एकदा तिन्हीकडच्या सीनियर जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार) समोर बसवून तक्ता वाचून दाखवा, पंधरा मिनिटं पुरतात.

तक्ता जानेवारीतच भरा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे रजेची तारीख निदान अडीच महिने आधी पक्की हवी. जवानाला विचारताना ‘कधी जायचं?’ एवढंच विचारू नका, कशासाठी तेही विचारा. काटोल-नरखेडचा मुलगा संत्र्याच्या तोडीला जाईल, कुणाला मृगाच्या पेरणीला जायचं असेल, नागपूर शहरातल्याला पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक हवी असेल, बिहारच्याला छठ. ही कारणं वेगवेगळ्या महिन्यांत पडतात, विचारलं तर गर्दी आपोआप फुटते. खरी गर्दी मे महिन्यात होते. लग्नं आणि शाळेच्या सुट्ट्या सगळ्यांच्या एकदमच येतात, तिथे मागच्या वर्षी कोणाला मे मिळाला हे बघून पाळी लावा. सीएल पुढच्या वर्षात जात नाही. सप्टेंबरअखेर ज्याची निम्मीही झाली नसेल त्याला बोलावून तारीख घ्या, नाहीतर डिसेंबरात अर्जांचा गठ्ठा येतो.

परेड स्टेटकडेही, म्हणजे रोजच्या हजेरीच्या तक्त्याकडेही बघा. रजेवरून रात्री परतलेला माणूस सकाळच्या आकड्यात आला नाही, तर जेवणारे वाढतात आणि शिधा जुन्याच आकड्यावर निघतो. पार्ट टू ऑर्डर (रजेसारख्या बदलांची अधिकृत नोंद) वेळेवर निघाली नाही तर तीच चूक त्याच्या रजेच्या खात्यात आणि पगारात जाते, आणि दुरुस्त करायला महिने लागतात.

नागपूर-कामठीच्या उन्हाळ्याची सवय असलेल्यांना सांगायला नको, पण पारा ४५ च्या पुढे गेला की गाड्यांच्या बॅटरीतलं पाणी भराभर उतरतं. डिस्टिल्ड वॉटर आठवड्याला बघा, टायरची हवा पहाटे गाडी थंड असताना मोजा. जे ड्रायव्हर मेमध्ये रजेवर जाणार, त्यांच्या गाड्या नावानिशी दुसऱ्याच्या ताब्यात सही घेऊन द्या.

इन्स्पेक्शनला कमी भरलेलं सामान बहुधा हरवलेलं नसतं, ते रायफल कंपन्यांकडे टेम्पररी इश्यूवर (तात्पुरतं दिलेलं) पडलेलं असतं आणि त्याचं व्हाउचर (सहीची पावती) कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. इन्स्पेक्शनच्या दोन महिने आधी सगळी व्हाउचरं एका फाइलमध्ये आणा. ज्याच्या सहीने सामान गेलं तोच त्या दिवसांत रजेवर नाही ना, हे रजेच्या तक्त्यावर तपासून घ्या.