सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम कोर्टाने का रद्द केला? खोट्या बातम्यांना आळा नको का?

आळा हवाच, पण वाद त्यावर नव्हताच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कुठला मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारचंच युनिट ठरवणार. फिर्यादीही तोच आणि न्यायाधीशही तोच!

खरी मेख पुढे आहे. शिक्का बसल्यावरही मजकूर तसाच ठेवला, तर फेसबुक-यूट्यूबसारख्या कंपनीचं आयटी कायद्याच्या कलम ७९ खालचं संरक्षण, म्हणजे लोकांच्या पोस्टसाठी कंपनीला जबाबदार न धरण्याची सवलत, धोक्यात. आता तुमच्या एका पोस्टसाठी कंपनी कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवेल? गुपचूप पोस्ट उडवून मोकळी होईल. सरकारला 'काढा' म्हणायचीही गरज नाही.

विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. मार्चमध्ये केंद्राने या कामासाठी पीआयबीचं (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं) युनिट अधिसूचित केलं, तर दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाची स्थगिती. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि नियम गेला.

गंमत म्हणजे निवडणुकीत जातीधर्मावरून फिरणारे भडक फॉरवर्ड या नियमात बसतच नव्हते. त्यात फक्त केंद्राचं कामकाज होतं. पीआयबी आजही चुकीच्या दाव्यांचं खंडन करते. या खटल्यात वाद त्यावर नव्हता.