कॅसेट सुरू होताच दिसणारा लोगो : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी यांच्या सुरुवातीला कंपन्यांचे जे लोगो दिसतात, त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या तीन जुन्या कॅसेट घरात आहेत. तिन्ही फॉक्सच्या चित्रपटांच्या, पण एकीवर मॅग्नेटिक व्हिडिओ, दुसरीवर सीबीएस/फॉक्स आणि तिसरीवर फॉक्सव्हिडिओ असं नाव आहे. कुठली कधीची? (पुणे)

तुम्ही लिहिलात तोच त्यांचा क्रम. मॅग्नेटिक व्हिडिओ ही आंद्रे ब्ले यांनी १९६८ मध्ये मिशिगन राज्यात काढलेली, टेपच्या प्रती करून देणारी कंपनी. १९७७ मध्ये तिने फॉक्सकडून ५० चित्रपटांचे हक्क घेतले आणि ते कॅसेटवर विकायला काढले. एका कॅसेटला जवळपास ५० डॉलर पडत. धंदा चालतो हे दिसल्यावर फॉक्सने १९७९ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. १९८२ मध्ये काही काळ ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स व्हिडिओ हे नाव होतं, त्याच वर्षी सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीशी भागीदारी झाली आणि सीबीएस/फॉक्स आलं. १९९१ मध्ये फॉक्सव्हिडिओ, १९९५ पासून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स होम एंटरटेनमेंट.

१९८० च्या दशकातल्या लोगोंमधली तिरकी रेघ म्हणजे भागीदारीचा करार. सीबीएस आधी एमजीएम या चित्रपट कंपनीबरोबर होतं, म्हणून १९८० पासूनच्या कॅसेटवर एमजीएम/सीबीएस दिसतं. सीबीएस फॉक्सकडे गेल्यावर तिथे एमजीएम/यूए झालं, कारण मधल्या काळात एमजीएमने युनायटेड आर्टिस्ट्स विकत घेतलेलं होतं. आरसीए/कोलंबियाचंही तसंच. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया घेतली आणि १९९१ मध्ये कॅसेटवरचं नाव कोलंबिया ट्रायस्टार झालं.

वय ठरवताना मात्र एक चूक हमखास होते. पडद्यावर दिसणारा लोगो मास्टर टेपवर, म्हणजे जिच्यावरून प्रती काढतात त्या मूळ टेपवर असतो. कंपनीचं नाव बदलल्यावरही जुन्याच मास्टरवरून प्रती निघत राहिल्या, तर खोक्यावर नवा लोगो आणि पडद्यावर जुना असं होतं. म्हणून पडद्यावरच्या लोगोवरून एवढंच म्हणता येतं की कॅसेट त्याच्या आधीची नाही. खोका, कॅसेटवरचा कागद आणि पडदा या तिन्हींची नोंद वेगवेगळी करा. खोक्यावर हाय-फाय अशी खूण असेल तर कॅसेट १९८४ किंवा त्यानंतरची. प्रत काढताना चित्र ठरावीक वेळाने काळवंडून पुन्हा उजळत असेल तर टेपवर मॅक्रोव्हिजन आहे, म्हणजे ती १९८५ च्या आधीची नाही. त्यात दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या ओळींत खोटे स्पंद घातलेले असतात आणि प्रत घेणाऱ्या व्हीसीआरचं आपोआप उजेड सांभाळणारं सर्किट त्यांना फसतं.

प्रश्न : १९८० च्या आसपासच्या लोगोंमधली अक्षरं आतून पेटल्यासारखी दिसतात आणि पाण्यासारखी वळतात. तेव्हा संगणक नव्हते, मग हे केलं कसं? (नाशिक)

पेटलेली अक्षरं आणि वळणारी अक्षरं, या दोन वेगळ्या करामती आहेत.

पेटलेली अक्षरं फिल्मवर होत. कोडॅलिथ नावाच्या अतिगडद फिल्मवर अक्षरं तेवढी पारदर्शक ठेवायची, मागून दिवा लावायचा, मध्ये रंगीत जिलेटिनचा कागद धरायचा आणि वरच्या कॅमेऱ्याने एकेक फ्रेम घ्यायची. मग फिल्म मागे नेऊन त्याच फ्रेमवर, भिंगापुढे उजेड पसरवणारा फिल्टर लावून, दुसऱ्यांदा छायाचित्रण. पहिल्या फेरीने कडा धारदार येतात, दुसरीने भोवतीचं तेज. शटर उघडं ठेवून कॅमेरा पुढे सरकवला की उजेडाचे लांब पट्टे ओढले जातात. सगळ्या फेऱ्या एकाच निगेटिव्हवर होत, त्यामुळे पाचव्या फेरीत चूक झाली तर पहिलीपासून पुन्हा.

वळणारी अक्षरं बहुतेक वेळा स्कॅनिमेटची. हे यंत्र ली हॅरिसन यांच्या डेन्व्हरमधल्या कॉम्प्युटर इमेज कॉर्पोरेशनने तयार केलं. नावात कॉम्प्युटर असला तरी यंत्र अ‍ॅनालॉग. काळं-पांढरं चित्र मागून उजळायचं, व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपायचं आणि एका छोट्या पण अतिशय स्पष्ट पिक्चर ट्यूबवर दाखवायचं. त्या ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत बटणांनी आणि वायरींच्या जोडणीने वाकवता, ताणता, गुंडाळता येई. ट्यूबसमोर दुसरा कॅमेरा. त्याच्या चित्रातल्या पाच करड्या छटांना हवे ते पाच रंग द्यायचे आणि निकाल थेट टेपवर. बटण फिरवलं की हालचाल त्याच क्षणी पडद्यावर दिसे. पण जोडणी एकदा सोडली की तीच हालचाल हुबेहूब पुन्हा काढणं फार अवघड.

फिल्मवरच्या लोगोचं निगेटिव्ह कुठल्यातरी कपाटात असू शकतं. स्कॅनिमेटच्या लोगोला निगेटिव्हच नसतं, जे आहे ते टेपवर. म्हणून जतन करताना आमच्या मते पहिला मान या लोगोंचा.

ओळखायचं असं : फील्ड-फील्ड करून चित्र पुढे सरकवा (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र). दर फील्डला जागा बदलत असेल तर लोगो व्हिडिओवर जन्मला. दोन-दोन फील्ड एकसारखी येत असतील तर फिल्मवर. अमेरिकन टेपवर फिल्मच्या फ्रेम दोन आणि तीन फील्ड अशा आळीपाळीने येतात.

पुढे १९८१ च्या सुमारास क्वांटेलचं पेंटबॉक्स (व्हिडिओवर रंगवण्याचं डिजिटल यंत्र) आणि अँपेक्सचं एडीओ (चित्र फिरवण्याचं डिजिटल यंत्र) आलं. चौकटी गिरक्या घेत उडू लागल्या, आणि दशक संपेपर्यंत संगणकावरची क्रोमची ठोकळेबाज अक्षरं सगळीकडे झाली.

प्रश्न : शॉर्ट फिल्मसाठी जुन्या कॅसेटसारखा लोगो संगणकावर केला. वर रेघा आणि ठिपके टाकले तरी खोटा वाटतो. काय चुकतं? (ठाणे)

रेघा आणि ठिपके हा खराब टेपचा दोष. चांगल्या टेपवरही जे घडतं, ते तुमच्या लोगोत नाही. व्हीएचएसमध्ये उजेडासाठी साधारण ३ मेगाहर्ट्झ मिळतात, रंगासाठी अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास. पाल या भारत-ब्रिटनमधल्या टीव्ही पद्धतीत ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे एका आडव्या ओळीत उजेडाचे तपशील तीनशेच्या घरात आणि रंगाचे जेमतेम पन्नास. लाल अक्षर निळ्यावर पसरतं ते यामुळे, आणि त्या काळच्या जाणत्या कलाकारांनी रंगीत अक्षरांना पांढरी कड दिली तीही यामुळेच.

चित्र ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला ५० फील्डचं करा. अक्षरांचं तेज आधीच देऊन घ्या. मग उजेड आणि रंग वेगळे करा. उजेड आडव्या दिशेने सुमारे २ पिक्सेल धूसर, रंग १४ पिक्सेल धूसर, शिवाय रंग ४ ते ६ पिक्सेल उजवीकडे आणि २ ओळी खाली सरकवलेला. उभ्या कडांच्या उजवीकडे पातळ उजळ किनार द्या, व्हीसीआरचं चित्र धारदार करणारं सर्किट ती काढतंच. सगळ्यात खालच्या ६ ते ८ ओळी फाटलेल्या हव्यात, कारण तिथे टेप वाचणाऱ्या एका हेडकडून दुसऱ्याकडे बदल होतो. टीव्हीच्या चौकटीआड त्या लपत. मजकूर मधल्या ८० टक्के भागात ठेवा. चालता व्हीसीआर हाताशी असेल तर हे सगळं सोडा : लोगो खऱ्या टेपवर रेकॉर्ड करून परत घ्या.

प्रश्न : एकाच कंपनीची एकच धून, पण अमेरिकेच्या कॅसेटवर खालच्या पट्टीत आणि ब्रिटनच्या कॅसेटवर वरच्या. व्हीसीआर बिघडला आहे का? (कोल्हापूर)

नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते, पालमध्ये ती २५ ने चालवत. वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त, स्वर अर्ध्या सुरापेक्षा जरा कमी वर. त्याच कंपनीची एखादी धून दोन्हीकडे सारख्याच पट्टीत लागली, तर तो लोगो व्हिडिओवरून व्हिडिओवर रूपांतरित केलेला आहे. अशा वेळी हालचालीत दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी पुसट सावली दिसेल.

प्रश्न : डिस्नेच्या काळ्या हिऱ्याचा लोगो असलेल्या कॅसेट हजारो डॉलरना जातात असं वाचलं. आमच्याकडे आठ आहेत. (न्यू जर्सी)

१९८४ ते १९९४ या काळात वॉल्ट डिस्ने क्लासिक्स मालिकेच्या कॅसेटवर तो हिरा होता. यांतल्या गाजलेल्या चित्रपटांच्या प्रती प्रचंड संख्येने विकल्या गेल्या, त्यामुळे त्या दुर्मीळ नाहीत. हजारो डॉलर हा मागितलेला भाव आहे. लिलावाच्या संकेतस्थळावर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दिसतील असा पर्याय निवडा, बहुतेक कॅसेट काही डॉलरना गेलेल्या दिसतील. भारतात पाठवणार असाल तर त्या एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या आहेत हे लक्षात ठेवा. फक्त पाल चालवणाऱ्या व्हीसीआरवर चित्र गुंडाळेल किंवा काळं-पांढरं दिसेल.

प्रश्न : हिंदी-मराठी कॅसेटवर लोगोच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणि पत्ते का? आणि चित्रपटभर कोपऱ्यात लोगो का? (सोलापूर)

पहिलं कायद्यामुळे. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२अ आलं. त्यानुसार प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता व हक्क घेतल्याचं त्याचं निवेदन, आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता या गोष्टी चित्रातही हव्यात आणि खोक्यावरही. न दाखवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अभ्यासकाला या पाट्या लोगोपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात पत्ता असतो. टेपची नोंद करताना त्या शब्दशः उतरवून घ्या.

कोपऱ्यातला लोगो चोरट्या प्रतींसाठी. सुरुवातीचा लोगो कापता येतो, चित्रात मिसळलेला कापता येत नाही. तो पुसणारी सॉफ्टवेअर तिथे धुरकट डाग ठेवतात, तेव्हा तो राहू द्या.

आपल्याकडे हा धंदा बऱ्याचदा दुकानातून वाढला. मुंबईची शेमारू १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली, १९७९ मध्ये भाड्याने कॅसेट देऊ लागली आणि नंतर स्वतःच्या लोगोने चित्रपट काढू लागली. पुढे डिस्कच्या काळात मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, आणि एकाच कंपनीचा लोगो घरोघर पोचला.

प्रश्न : व्हीसीडीवर लोगोची चमचम सुरू झाली की चौकोन-चौकोन दिसतात. डिस्क खराब आहे का? (अमरावती)

बहुधा डिस्क ठीक आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं आणि त्याला सेकंदाला फक्त ११५० किलोबिट मिळतात. मागच्या फ्रेममधला तुकडा उचलून पुढे वापरायचा, यावर ही पद्धत चालते. चमचमीत प्रत्येक ठिपका नवा, अंधारातून उजळताना प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा, त्यामुळे उचलण्यासारखं काही उरत नाही आणि बिट संपतात. हे चौकोन मुळातच नोंदलेले आहेत, पूर्ण जाणार नाहीत.

चित्र मध्येच थिजत असेल तर मात्र ओरखडा. व्हीसीडीवर चित्राच्या डेटाला साध्या सीडी-रॉमसारखी जास्तीची चूकदुरुस्ती नसते. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल आताच संगणकावर उतरवा आणि तिचं रूप न बदलता ठेवा.

प्रश्न : कॅसेट संगणकावर घेतो तेव्हा चित्रपट नीट येतो, पण सुरुवातीचा लोगो कधी निळा पडदा, कधी वाकडा. (मडगाव)

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा पाहा. पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे, गोव्या-कोकणच्या हवेत ती लवकर धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते.

टेप स्वच्छ असेल तर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे घ्या, म्हणजे ताण सारखा होतो. हेडसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चामड्याच्या टोकाची काडी. काडी हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला स्थिर टेकवून ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलं की हेडचा नाजूक तुकडा तुटतो.

निळा पडदा व्हीसीआर स्वतः दाखवतो. सुरुवातीला सिग्नल कमजोर असला की तो चित्र झाकतो. मेनूमध्ये ब्लू बॅक बंद करा. दुसरी अडचण ट्रॅकिंगची, म्हणजे हेड टेपवरच्या नोंदीशी जुळण्याची : आपोआप जुळायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात लोगो निघून जातो. म्हणून एक मिनिट चालवून ट्रॅकिंग हाताने जुळवा, कॅसेट बाहेर न काढता मागे घ्या, आधी संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग प्ले दाबा. वरच्या ओळी झेंड्यासारख्या वाकत असतील तर लाइन टीबीसी (प्रत्येक ओळीची वेळ दुरुस्त करणारं सर्किट) असलेला एस-व्हीएचएस व्हीसीआर मिळवा, संगणकावरचे फिल्टर ते नीट सरळ करत नाहीत.

पालची टेप ७२० बाय ५७६, ४:२:२, इंटरलेस्डच (फील्ड वेगळी) ठेवून हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या तपशील न गमावता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत घ्या. तासाला ३० ते ४० जीबी जागा धरा. पाहण्यासाठीची प्रत करताना डीइंटरलेस (फील्डची पूर्ण चित्रं करणं) २५ फ्रेमला न करता ५० ला करा. २५ ला केलं की स्कॅनिमेटच्या लोगोची निम्मी हालचाल फेकली जाते. आणि फाइलच्या सुरुवातीचा गोंगाट, सर्टिफिकेट, पाट्या, लोगो यातलं काहीही मूळ प्रतीतून कापू नका.