'अष्टांश' नव्हे, अष्टमान!

खानापूरच्या एका बीसीएच्या विद्यार्थिनीने विचारलंय, 'दशांश संख्येचं अष्टांशात रूपांतर करा' हे वाक्य बरोबर का?

साफ चूक. ऐकून ऐकून कान किटलेत माझे. अंश म्हणजे भाग. दशांश हा दहावा हिस्सा, अष्टांश आठवा. संख्या कितीच्या पटीत मांडली ते सांगायचं तर 'मान' हवं. दशमान, अष्टमान, द्विमान. 'दशांश चिन्ह' मात्र बरोबर, कारण त्याच्या पुढे दहावे-शंभरावे भागच असतात. अष्टमानाला इंग्रजीतलं 'ऑक्टल' म्हणालात तरी चालेल; ते लॅटिन 'ऑक्टो'चं, म्हणजे आपल्या 'अष्ट'च्याच घरातलं.

खरी मौज संस्कृतातल्या 'अष्टौ'त, म्हणजे आठात, आहे. रामौ, अष्टौ, 'औ' द्विवचनाचा. मग आठ हे द्विवचन कशाचं? चार बोटांचं! अंगठा मोजणारा, म्हणून एका हाताची मोजायची बोटं चारच. दोन्ही हात संपले की पुढचा आकडा 'नव', म्हणजे नवा. लॅटिनमध्येही नऊ 'नोवेम' आणि नवा 'नोवुस'. अनेक पंडित हा योगायोग म्हणून झटकून टाकतात. त्यांनी एकदा बेळगावात गणपत गल्लीत येऊन उभं राहावं. परवा लिंबं मोजताना बाई अंगठा बोटांवर टेकवत म्हणत होती, 'एंटु, ओंबत्तु, हत्तु.' कन्नडमध्ये आठाला स्वतंत्र शब्द आहे, नवाला नाही. 'ओंबत्तु' म्हणजे दहाला एक कमी, आपल्या एकोणिसासारखी घडण. हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, दहा म्हणजे 'पत्तु'. पुढे 'प'चा 'ह' होऊन 'हत्तु' झालं, पण ओंबत्तुच्या पोटात तो जुना 'प' 'ब' होऊन अजून जिवंत आहे! शिवाय मोजणं 'एणिसु' आणि आठ 'एंटु'. तमिळमध्ये तर 'एण्' म्हणजे संख्याही आणि आठही. दोन निराळी भाषाकुळं, आणि दोन्हींची मूळ मोजणी आठाशीच थांबते. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

हां, रूपांतर. आठाने भागत जायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या. महाराष्ट्र ज्या गावांवर हक्क सांगतो तो सीमाभागात सगळ्यांना पाठ असलेला आकडा घ्या, ८६५. भागाकार १०८, बाकी १. मग १३, बाकी ४. मग १, बाकी ५. शेवटी शून्य, बाकी १. अष्टमानात १५४१. फक्त त्याला 'पंधराशे एक्केचाळीस' म्हणू नका. शे आणि चाळीस दशमानाचे शब्द आहेत. एक-पाच-चार-एक म्हणा.