उचकीच्या पेशंटला डोळ्यांचं विचार

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. काणकोणची बाई पाच दिवस उचक्या देतेय, पाणी पोटात ठरत नाही, एंडोस्कोपीत ‘सौम्य गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराच्या अस्तराला थोडी सूज. आणि तू विचारतेस, सिनियरांकडे एमआरआयचा विषय कसा काढू? ते नंतर. तिला डोळ्यांचं विचारलंस का?

सौम्य गॅस्ट्रायटिस माझ्याही पोटात सापडेल! रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम पाहिलंस, बरं केलंस. पण दोन दिवस उलटूनही उचकी-ओकारी ओंडान्सेट्रॉनला (ओकारीच्या औषधाला) दाद देत नसेल, तर पोट सोडून मेडुलाकडे, मेंदूच्या देठाच्या खालच्या भागाकडे बघ. तिथल्या एरिया पोस्ट्रेमाला, म्हणजे ओकारीच्या केंद्राला, रक्त आणि मेंदूमधला अडसर जवळपास नाहीच, आणि अ‍ॅक्वापोरिन-४ (पेशींमधून पाणी नेणारं प्रथिन) भरपूर. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या डोळ्याच्या नसा आणि मज्जारज्जू पकडणाऱ्या आजारातली अँटिबॉडी नेमकी त्यावरच हल्ला करते. ही अँटिबॉडी २००४ पासून माहीत आहे, २०१५ च्या निदानाच्या निकषांत ही न थांबणारी उचकी-ओकारी आहे. तरी वॉर्डात अजून ‘गॅस’च.

म्हणून डोळ्यांचं विचार. ‘नीट दिसतं ना?’ असं नको, ती ‘हय’ म्हणून मोकळी होईल. एक डोळा तळव्याने झाकायला लाव, पेनचं लाल टोपण दाखव, मग दुसरा झाक. दोन्हींनी सारखंच लाल दिसतं? मागे कधी डोळा हलवताना दुखून अंधुक झाला होता? मग पायांच्या मुंग्या, लघवी अडणं. सगळं ठीक निघालं तरी संशय सोडायचा नाही. कधी कधी सुरुवात नुसत्या उचकीनेच होते.

मला ‘डोळेवाला’ म्हणून चिडवायचे. माझे काही एमआरआय फुकट गेले, हो, गेले. पण ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी धाडलेली एक मुलगी माझ्यापर्यंत आली ती कमरेखाली लुळी पडून. त्या ओकारीच्या आठवड्यात तिला डोळ्यांचं कुणीही विचारलं नव्हतं. त्यानंतर मी कुणाच्या हसण्याची पर्वा केली नाही आणि आजही करत नाही. हट्टी म्हण हवं तर.

एमआरआय स्वच्छ आला तरी रक्त अ‍ॅक्वापोरिन-४ साठी पाठव, शक्यतो सेल-बेस्ड (पेशींवर तपासायच्या) पद्धतीने. अ‍ॅटॅक या आजाराचाच वाटला तर मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा निर्णय न्यूरोलॉजीकडून लगेच घे, रिपोर्टची वाट बघत बसू नको. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) समजून कुणी त्यावरचं इंटरफेरॉन सुरू करायला निघालं तर मात्र अडव, या आजारात त्याने बिघडतं.

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, फोन तूच कर. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, त्यांना माझी सवय आहे. पण आधी तिला डोळ्यांचं विचार.

तुझा,
फोंड्याचा डॉक्टरकाका